वरचा सूर

३ सप्टेंबर
मिळाली! मुख्य भूमिका मलाच मिळाली! नाटकातली रेडिओवर गाणारी प्रसिद्ध बाई म्हणजे मी — खत-बियाण्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसणारी व्हर्लीन टॅकेट! हॉबर्टला फोन केला तर नवरोबा म्हणतात, "म्हणजे आता स्वयंपाक कोण करणार?" मेला!

४ सप्टेंबर
ओनीडाला सांगितलं. थोरली बहीण माझी, पण निवडीला आलीच नव्हती. "छान," म्हणाली आणि भांडी विसळायला लागली. बस्स!
लहानपणापासून चर्चमध्ये आम्ही दोघी गातो. चाल तिची, वरच्या सुरात. मी खालून दुसरा सूर धरायचा, टेकूसारखा. कौतुक सगळं तिचं. आता माझी पाळी आली तर बाईसाहेबांच्या पोटात दुखतंय. दुखू दे!

९ सप्टेंबर
प्रयोगाची तारीख ठरली — २ ऑक्टोबर, गुरुवार. आमचे दिग्दर्शक कॉय सर, शाळेचे जुने बँडमास्तर. म्हणाले, "बुधवारी चर्च, शुक्रवारी शाळेचा फुटबॉल. त्या दोन्ही दिवशी कुत्रं फिरकणार नाही इकडे." खरंय! झालरीचा पांढरा झगा शिवायला टाकला. रात्रभर झोप नाही!

१८ सप्टेंबर
फजिती! एकटी गाते तेव्हा झक्कास. पण जोडीला कुणी गायला लागलं, की गळा आपोआप खाली उतरतो. चाल सोडून दुसरा सूर धरते मी! शेवटचं गाणं नाटकातल्या दोघी बहिणींचं. माझी बहीण झालेली पोरगी आणि मी, दोघीही खालीच, वर कुणीच नाही! सर ओरडले, "अगं बाई, चाल काय मी गाऊ?" हाडात मुरलीय मेली सवय.

२५ सप्टेंबर
आजही तेच. "मंगळवारपर्यंत बघतो, नाहीतर गाणं कापतो," सर म्हणाले. त्या गाण्यासाठी तर मी नाटकात आले! घरी येऊन ढसाढसा रडले. हॉबर्टनं अंडी तळून दिली. करपवली.

२८ सप्टेंबर
नाक मुठीत धरून ओनीडाकडे गेले. पडवीत शेंगा सोलत होती.
"वरचा सूर धरून कसा ठेवतेस गं?"
"तुझ्याकडे लक्षच देत नाही."
खो खो हसलो दोघी! मग म्हणाली, "तू गा चाल. मी खालून गाते." ओनीडा आणि खालून! घसरले की कोपर मारायची. बरगडी दुखतेय अजून. पण शेवटी एकदा अख्खं गाणं मी वरच राहिले! तिचे डोळे भरले होते. माझा हेवा वाटला असेल.

३० सप्टेंबर
गाणं वाचलं! सरांनी टोपी उडवली!

२ ऑक्टोबर
काय लिहू! खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे! शेवटच्या गाण्यात एकदाही घसरले नाही. लोक उठून उभे राहिले आणि हॉबर्ट बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारतोय! ओनीडा पहिल्या रांगेत. सगळ्यात आधी तीच उठली.

५ ऑक्टोबर
चर्च. स्तोत्र सुरू व्हायच्या आधी ओनीडा कानाशी आली. "यापुढे चाल तू गा. वर्ष झालं, माझा गळा वर जातच नाही. पियानोवाल्या बाईंना सांगून पट्टी उतरवून घ्यायचे. तू खालून सांभाळत होतीस म्हणून कुणाला कळलं नाही." तेवढ्यात पियानो सुरू झाला. मी वर गायले.