परक्याचं रक्त

केडगाव,
९ फेब्रुवारी २०२४

चि. ज्ञानेश्वरी,

तुला आणि पोटातल्या त्या आगाऊला सासूचा भरभरून आशीर्वाद. फोनवर मी बोलायला लागले की तू "बरी आहे मी, आत्या" म्हणून फोन ठेवतेस. कागद मध्येच ठेवता येत नाही, म्हणून लिहितेय.

इकडे ठीक. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तू माहेरी गेल्यापासून तुझा नवरा रामहरी भाकरी थापायला शिकलाय. तव्यावर पडली की नकाशा होतो. तरी खातो बिचारा. पुणतांब्याला तुझ्याकडे कधी जायचं, एवढाच त्याचा धोशा.

आता किती टाळू? काल मी नगरला रक्तपेढीत गेले होते. तू डॉक्टरांना ठणकावलंस ना, परक्याचं रक्त घेणार नाही, आत्याचं असेल तरच घेईन? आपला रक्तगट एकच, म्हणून मी लई तोऱ्यात गेले. बोट टोचलं अन् तिथली मुलगी म्हणाली, "मावशी, तुमचंच हिमोग्लोबिन नऊ आहे. तुमचं रक्त घेता येणार नाही." अगं, मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर बाकावर बसून रडले.

तीच पोरगी पाणी घेऊन आली. म्हणाली, श्वासातला ऑक्सिजन हे हिमोग्लोबिन छातीतून उचलतं, पार नखापर्यंत पोचवतं, पोटातल्या बाळालाही त्यातूनच मिळतो. तुझं साडेसहा. हवा बक्कळ आहे गं, वाहून नेणारं कमी पडलंय. म्हणून तुला जिना चढताना धाप लागायची, अन् आम्ही म्हणायचो, पोट वाढलं.

गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस, चहा लोह अंगी लागू देत नाही म्हणे. मीच तुला रोज चहाबरोबर द्यायचे, मोठी शहाणी! पण गोळ्यांनी भरून यायला महिने लागतात आणि तुझे दिवस भरत आलेत. बाळंतपणात रक्त गेलं तर... पुढचं मला लिहवत नाही. लई भीती वाटते गं.

परक्याचं नको म्हणतेस. अगं, तू तरी माझी कोण होतीस? नाव सोडून काही ठाऊक नव्हतं तुझं. परकीच आलीस या घरात. आता महिनाभर नाहीस तर माझा जीव गुदमरतो.

सोमवारी मी अन् रामहरी येतोय. पिशवी लावतील तेव्हा तुझा हात माझ्या हातात असेल. ज्याचं रक्त असेल त्याचं देव भलं करो. तू फक्त हो म्हण.

रक्ताची नसून तुझीच,
भागूआत्या