क्राइट्झरमधला टी

२ मार्च, शनिवार
आलो एकदाचे! ट्रेलरमधून, त्या चाकांवरच्या डब्यातून, खऱ्या घरात. मला पहिल्यांदाच स्वतःची खोली, खिडकीत मेपलचं झाड. ऑपल क्राइट्झर आईची आत्या, मीही आत्याच म्हणायचे. चाळीस वर्षं तिने गावातल्या पोरांना स्पेलिंग शिकवलं. मी दहावीत शाळा सोडली तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी गेली, खुर्चीतच. मृत्युपत्रात घर आईला दिलंय. शेजारच्या लुएलाकाकू टूना-नूडल्सचं भांडं घेऊन आल्या. म्हणाल्या, आधी वकील गाठा, कोर्टाने मृत्युपत्र मान्य केल्याशिवाय घर तुमचं नाही गं.

४ मार्च, सोमवार
आई कामावर, म्हणून वकिलांना फोन मी लावायचे. मला फोनवर बोलताच येत नाही. पहिल्याने 'हॅलो' म्हटलं नि मी ठेवूनच दिला. दुसऱ्याकडची बाई म्हणाली, बोल की बाळा, नुसते श्वास ऐकवायला फोन केलास का? तिसरे हॅस्केल. म्हणाले, कागद घेऊन ये, मी चावत नाही.

५ मार्च, मंगळवार
हॅस्केल आत्याचेच विद्यार्थी. मृत्युपत्रावरची आत्याची सही बघून पोट धरून हसले. 'क्राइझर'! म्हणाले, तिच्या नावातलं टी अक्षर विसरलं म्हणून आम्हाला मैदानाला फेऱ्या मारायला लावायची, नि बाई स्वतःचाच टी विसरली! मीही हसले. कान नुसते तापले.
मग म्हणाले, साक्षीदार दोन लागतात, इथे तू एकटीच. दुसरी रेघ कोरी आहे. सही होताना डोळ्यांनी बघितलीस ना?
मी हो म्हटलं.
बघितलीच होती. माझाच हात बघितला.

६ मार्च, बुधवार
लिहून टाकते. कुणाला सांगायचं? आत्या गेली त्या दिवशी म्हणाली, आधी चहा आण, मग मृत्युपत्रावर सही करते. चहा घेऊन आले तर ती — पेन हातात, डोळे उघडे. ट्रेलर महिनाअखेर सोडायचा होता. मी तिच्या बोटांतून पेन सोडवलं नि तिच्यासमोर तिचं नाव लिहिलं. तेही चुकीचं. तिच्यासमोर.
आईला माहीत नाही. गाणं म्हणत स्वयंपाकघर रंगवतेय.

८ मार्च, शुक्रवार
हॅस्केलांचा फोन. दुसरी सही आहे की गं, मलाच कशी दिसली नाही? चष्मा घरी राहिलाय, नाव लागेना, तूच येऊन वाच.
गेले. वरच्या सहीत लाल पेन्सिलीने टी घातलेला. खाली, साक्षीदाराच्या रेघेवर, आत्याचं फळ्यावरचं तेच वळण. ऑपल क्राइट्झर. टीसकट.
तिने बघितलं होतं. मेल्यावरही.
मी म्हटलं, लुएलाकाकूंची सही आहे.
ते म्हणाले, सोमवारी नऊला दोघी कोर्टात या, शपथ घ्यायला.

१० मार्च, रविवार
काकूंना विचारायचं धाडस — नाही झालं. माझ्या खोलीतली आत्याची खुर्ची दाराकडे वळलीय. आई म्हणते, मी नाही हलवली.

११ मार्च, सोमवार
सकाळ. खोलीच्या दारात आत्याचे चर्चचे निळे बूट. ते तर तिच्या पायात घालूनच पुरले होते — चिखलाने भरलेत —
या वहीवर लाल पेन्सिल. पानोपानी. 'मी हो म्हटलं' खाली दोन रेघा. समासात: पुन्हा लिही.
खुर्ची करकरली. मागे —
आई खालून विचारतेय, कोण आलंय गं?
आई, सही मी केली. मी. तुला सांगणार —
लिहिते आत्या. खांदा सोड. लिहिते. ऑपल क्राइ