टाकीवरचे पांढरे डाग आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सदुसष्ट, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब गोळीने ताब्यात आहे. कोणी दबाव आणलेला नाही आणि कोणी भरीस घातलेले नाही. गेल्या वर्षी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रागात केले होते. ते रद्द समजावे.

वकील म्हणाले, मालमत्ता लिहा, कारणे लिहू नका. पण माझी पत्नी चौदा महिन्यांपूर्वी वारली आणि आम्हाला मूलबाळ नाही. कारणे सांगायला मला दुसरी जागा नाही.

कलम १. घर.
दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढची पायरी आणि अंगणातली बोअर, हे सर्व माझ्या पुतणीस मिळावे. ती इथे येऊन तास तास गप्प बसू शकते. हा गुण आमच्या घराण्यात माझ्यानंतर तिच्यातच उतरला आहे. बोअरला बारमाही पाणी आहे, पण ते जड आहे. तोट्या, बादल्या, चहाची किटली, सगळ्यावर पांढरा थर बसतो. तिने घाबरून जाऊ नये. उपाय कलम ३ मध्ये आहे.

कलम २. धाकटा भाऊ.
त्याला माझे मनगटी घड्याळ द्यावे. दुसरे काही देऊ नये. नऊ वर्षांपूर्वी मी आणि पत्नी परगावी गेलो असताना त्याने वहिनीला खूश करायचे म्हणून तिच्या मोटारसायकलचा सायलेन्सर संडास धुण्याच्या ॲसिडने घासला. डाग गेले आणि त्यांच्याबरोबर क्रोमची चमकही गेली. वीतभर जागा आजही तांबूस आहे. पत्नीने त्याला एवढेच विचारले की हाताला भाजले नाही ना. मी ते विचारले नसते. ती गेल्यावर महिन्याच्या आत तो मला म्हणाला, "दादा, विकून टाक ती गाडी. बघून बघून त्रास होतो तुला." त्रास मला होत होता आणि घाई त्याला. घड्याळ रोज चार मिनिटे मागे पडते. त्याने ते दुरुस्त करून घ्यावे.

कलम ३. किटली.
स्टीलची, काळ्या मुठीची. ही पुतणीस द्यावी, आणि कृतीसह द्यावी.

लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात पत्नी या किटलीतला थर सुरीने खरवडत होती. मी म्हणालो, खरवडू नकोस. व्हिनेगर आणि पाणी निम्मे निम्मे घे. फडके त्यात भिजवून डागावर ठेव आणि पाच मिनिटे थांब. क्षार आपोआप सुटतो. मग डिस्टिल्ड पाण्याने धू, म्हणजे नवा डाग पडणार नाही. लगेच कोरड्या मऊ फडक्याने पूस. उन्हात काही करू नकोस, आणि पाणी आपले आपण कधी वाळू देऊ नकोस. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो.

हे सांगायला मला दहा मिनिटे लागली. ती हनुवटी हातावर टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुम्हाला एवढं बोलता येतं होय?" मी लाजलो. त्यानंतर तिच्याशी इतका वेळ सलग बोलल्याचे मला आठवत नाही.

कलम ४. शिल्लक.
बँकेतील सर्व रक्कम मी जिथे एकतीस वर्षे काम केले त्या शाळेस द्यावी आणि तिच्यातून प्रयोगशाळेत डिस्टिल्ड पाण्याचे नवे यंत्र बसवावे. त्यावर माझे नाव घालू नये. काचेची नळकांडी आणि माझा तराजूही शाळेस द्यावा. तराजूला कोणी फुंकर मारू नये.

कलम ५. मोटारसायकल.
माझी पत्नी परिचारिका होती. घरोघरी जाऊन जखमा धुणे, पट्ट्या बदलणे हे तिचे काम. गाडी तिची होती आणि चालवायचीही तीच. मला तोल सांभाळता येत नाही. मी मागे बसत असे आणि सीटमागची दांडी धरत असे. ती म्हणायची, "कमरेला धरा की. मी काय परकी आहे?" मी दांडीच धरली. तिथे माझ्या हाताने क्रोम गुळगुळीत झाले आहे. ते पॉलिश करू नये.

गाडी काळी आहे. काळ्या रंगावर जड पाण्याचा एकेक थेंब दिसतो. आमच्या अंगणात धुतलेली गाडी देवीचे वण उठल्यासारखी दिसायची. म्हणून पत्नी दर शनिवारी सकाळी ती घेऊन कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाई आणि दोन तासांनी चकचकीत करून आणी. गॅरेजवाल्याला सगळे फिटर म्हणतात. तो तिला ताई म्हणे, आणि त्या नात्याने मला भाऊजी. ताई म्हणणाऱ्याचा संशय घेऊ नये हे मला कळते. तरी मी त्याचा हेवा केला. अकरा वर्षे केला.

शनिवारी ती परत आली की तिच्या बोटांना व्हिनेगरचा वास येई. मी बाटल्या वासावरून ओळखणारा माणूस, मला तो पहिल्याच आठवड्यात ओळखू आला. मी मनात म्हटले, म्हणजे हे फिटरने शिकवले. घरात रसायनशास्त्राचा माणूस असताना ही बाई डाग कसे काढायचे ते गॅरेजात जाऊन शिकते. शिवाय ती माझ्याकडून महिन्याला पाच लिटरचा कॅन भरून डिस्टिल्ड पाणी नेई. बॅटरीला लागते म्हणे. एवढे पाणी बॅटरी पीत नाही, हे मला माहीत होते. मी शाळा सुटल्यावर थांबून, निवृत्तीनंतरही तिथे जाऊन, थेंब थेंब गोळा केलेले पाणी त्या माणसाच्या गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्यांत जाते, असे मी धरून चाललो. कॅन मात्र दर महिन्याला भरून दिला. कधी विचारले नाही. विचारले असते तर ती हसली असती, आणि तिने हसलेले मला चालले नसते.

गॅरेजातून परतताना ती काहीतरी गुणगुणत येई. घरात तिला गुणगुणताना मी ऐकलेले नाही.

एकदाच बोललो. शुक्रवारी, जेवताना. म्हणालो, "दर शनिवारी तिकडेच कशाला जायला हवं? घरी पाणी नाही का?"

तिने माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "आहे की. उद्या घरीच धुते."

दुसऱ्या दिवशी तिने अंगणात गाडी धुतली. बोअरच्या पाण्याने, भर दुपारी. फडके खांद्यावर होते. पुसायच्या आधी ती पायरीवर टेकली आणि मला म्हणाली, "जरा प्यायला पाणी आणा." मी आत गेलो. पेला विसळला, भरला, बाहेर आलो. फडके तिच्या खांद्यावरच होते. डॉक्टर म्हणाले, हृदय होते, ते कुठेही थांबले असते.

गाडी तशीच वाळली.

त्यानंतर तीनदा फिटर दारात आला. पहिल्या वेळी म्हणाला, "भाऊजी, मी डाग काढून देतो. फार दिवस राहिले की रंगात उतरतात." मी म्हणालो की क्षार रंगाला काय करतो हे मला तुमच्याकडून शिकायचे नाही, आणि दार लावले. तो बरोबर बोलत होता. मी पोरांना हेच सांगत आलो होतो. तरी चौदा महिने मी गाडीच्या पेट्रोलच्या टाकीला फडके लावले नाही. ते पाणी तिच्या हातचे होते आणि त्याने ते पुसावे हे मला सोसत नव्हते. बोअरच्या पाण्याने धुवायला तिला मी लावले होते, हेही मी रोज पाहत होतो. जुन्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की गाडी भंगारात द्यावी, पण त्या इसमास देऊ नये.

गेल्या महिन्यात वकिलांनी गाडीची किंमत लिहून आणायला सांगितली. आमच्या भागात ते सांगणारा फिटर एकच. मी नाइलाजाने गॅरेजात गेलो. तो सावलीत एका गाडीच्या टाकीवर ओले फडके ठेवून, घड्याळ बघत बसला होता. पाच मिनिटे झाल्यावर त्याने फडके उचलले, कॅनमधून पाणी ओतले आणि लगेच पुसून घेतले. कॅन माझा होता. त्यावर शाळेचा शिक्का आहे.

मी विचारले, हे तुम्हाला कोणी शिकवले.

"ताईंनी," तो म्हणाला. "आधी मी रॉकेलनं घासायचो. त्या म्हणाल्या, सरका, आमच्या घरी शास्त्रातला माणूस आहे. गाडीला मला हात लावू द्यायच्या नाहीत. त्या तिथं स्टुलावर बसून स्वतः पुसायच्या आणि मी ऐकायचो. पाणी आपलं आपण वाळू द्यायचं नाही, हे तर तुमच्यासारखा आवाज काढून सांगायच्या."

मी त्याला तो आवाज काढून दाखवायला सांगितला. त्याने दाखवला. माझाच होता.

मी विचारले, मग घरी का नाही धुतली तिने, पाणी तर माझे डिस्टिल्ड होते.

त्याने फडके पिळले. मग म्हणाला, "भाऊजी, राग मानू नका. त्या म्हणायच्या, घरी कोणी बोलत नाही. इथं येऊन तुमच्याबद्दल बोलता तरी येतं."

यामुळे माझा हेवा गेला असे कोणी समजू नये. आधी मला वाटायचे की ती त्याच्याकडून काही घेऊन येते. आता मला माहीत आहे की ती तिकडे काही ठेवून येत होती. शनिवारचे दोन तास, अकरा वर्षे. एवढे माझ्या बायकोचे बोलणे त्या माणसाच्या डोक्यात आहे आणि माझ्या डोक्यात नाही.

काल शनिवारी त्याला मी घरी बोलावले. गाडी झाडाखाली घेतली. डावी बाजू त्याने केली, उजवी मी. फडकी तिचीच होती. त्याने एकदाही मला शिकवले नाही, आणि मी दोनदा चुकलो. बरेचसे डाग सुटले. टाकीवरचे सात सुटले नाहीत. ते रंगात उतरले आहेत. तो म्हणाला की पॉलिशने घासले तर जातील, पण थोडा रंगही जाईल. मी म्हणालो, राहू द्या.

सबब सदर मोटारसायकल, सात डागांसह, कॅनसह आणि स्टुलासह (स्टूल त्यांच्याकडेच आहे), फिटर यांस मिळावी. डागांचे काय करायचे ते त्यांनी ठरवावे. मागच्या दांडीबद्दल वर लिहिले आहे.

अट एकच. ती तिथे बसून जे जे बोलली, ते त्यांनी दर शनिवारी येऊन मला सांगावे. आठवेल तसे, क्रमाने नसले तरी चालेल. माझ्याविषयी वाईट बोलली असेल तर तेही सांगावे. वकील म्हणतात की मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते, त्यामुळे ही अट कायद्यात बसत नाही. मी ती तशीच ठेवली आहे. फिटरना ती कालच वाचून दाखवली. ते म्हणाले, "त्यासाठी गाडी कशाला द्यायला हवी?" आणि पुढच्या शनिवारी सकाळी किती वाजता येऊ असे विचारले. मी नऊ सांगितले. ती नऊला निघायची.

कलम ६. उरलेले.
पत्नीची औषधपेटी तिच्या जागी काम करणाऱ्या परिचारिकेस द्यावी. माझे कपडे कोणालाही द्यावेत. खांद्यावरचे ते फडके माझ्याबरोबर जाळावे. कालच्या कामात ते वापरलेले नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, राजीखुशीने सही करीत आहे. पुढील दोन साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर आपापल्या सह्या केल्या. फिटर साक्षीदार व्हायला तयार होते. ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. मला ते ऐकून बरे वाटले.

साक्षीदार : (१) शेजारच्या शिंपीणबाई (सही)
(२) शाळेचे निवृत्त ग्रंथपाल (सही)

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक : ९ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

(सही)

खाडाखोडीबाबत : कलम ५ च्या शेवटी फिटर यांच्या नावापुढे मी "परका इसम" असे लिहिले होते. ते दोन शब्द मी स्वतः खोडले आहेत. त्या जागी दुसरे काही लिहिलेले नाही. जागा मोकळी आहे.