मंगलीच्या मोहाखालची रेंज

कोसमटोला, ता. अहेरी
१० मार्च

ती. धनराजभाऊस,
शि. सा. न. वि. वि.

गावात रेंज एकाच ठिकाणी येते, मंगली नावाच्या बाईच्या मोहाच्या झाडाखाली, आणि तिथे मागे रांग असते. म्हणून पत्र. बाबा गेल्यापासून शाळेत हजेरी घ्यायला उभी राहिले की नावं पुढे वाचवत नाहीत. काल अर्ध्यावर थांबले. पोरं आपणहून ‘हजर, हजर’ म्हणत राहिली. रजा टाकली आहे. राजीनामाही लिहून ठेवलाय, पण कारण ‘प्रकृती’ लिहिणं खरं की खोटं, ते ठरत नाही. त्याआधी ऑनलाइन समुपदेशन घेऊन पाहावं म्हणते.

रागावलास तरी तुझीच,
ज्योत्स्ना

ब्रह्मपुरी
१६ मार्च

चि. ज्योत्स्नाले अ. उ. आ.

अवो बाई, मन मोकळं कराले परका माणूस काऊन पाह्यजे? मी आहो ना. तुही वहिनी आहे. ती ऐकून घेत नाई, पण बोलते भरपूर. तरी अडूनच बसली असशील तर वरोऱ्याचा एक ओळखीचा आहे, स्वतःले मनाचा डॉक्टर म्हणते. त्याले तुहा नंबर दिला. राजीनामा मले इचारल्याबिगर देऊ नोको. बाबा साऱ्या बाजारात सांगत फिरे, माही पोरगी मास्तरीण आहे म्हणून.

जेवत जाय.
धनराज

कोसमटोला
१ एप्रिल

ती. भाऊस, शि. सा. न.

तुझ्या माणसाने आधी जन्मवेळ विचारली, मग निळा खडा सुचवला. नोंदणी क्रमांक मागितला तर मोटारसायकलचा दिला.

शेवटी नागपूरच्या करिश्मा मॅडम मिळाल्या. परवाना आहे, सरकारी यादीत नाव पाहिलं, आणि अविश्वास दाखवला म्हणून क्षमाही मागितली. त्या म्हणाल्या, तपासलंत ते बरंच केलंत. मी उत्तरं लिहून नेली होती. त्यांनी कागद बाजूला ठेवायला सांगून बाबांबद्दल विचारलं. खूप रडले. बरं वाटलं.

पण कानात इयरफोन असला की मी ओरडून बोलते, हे मला दुसऱ्या दिवशी शेजारच्या रुखमाबाईंकडून कळलं. त्या म्हणाल्या, मॅडम, तुमचे बाबा लय चांगले होते म्हन्ते. आणि मी गावात सांगितलं होतं की शिक्षण खात्याशी बोलते. आता त्या झाडाखाली कोणत्या तोंडाने जाऊ? पुढचं बोलणं रद्द करते. राजीनाम्याच्या अर्जावर तारीख घातली.

लोभ उरला असल्यास त्यातली,
ज्योत्स्ना

ब्रह्मपुरी
६ एप्रिल

चि. ज्योत्स्नाले आशीर्वाद.

तारीख खोड. खडेवाल्याले मी झापलं. बोलणं बंद करू नोको. बाबाच्या सायकलीत मी दर इतवारी हवा भरतो. कोणी चालवत नाई. हे त्या मॅडमले सांगून पाह्य. मले मात्र काही इचारू नोको.

धनराज

कोसमटोला
२७ एप्रिल

ती. भाऊस, शि. सा. न.

तुझं पत्र पोचायच्या आधीच मंगली दारात उभी. मोहफुलं वेचायच्या दिवसांत दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी जात नाही, ही इथली रीत. तिने गावाला सांगून टाकलं होतं की वेचणी होईस्तोवर मॅडमशिवाय कोणी तिच्या झाडाखाली यायचं नाही. रांग मुकाट्याने लांब चिंचेखाली गेली. तिथे रेंज नाही. दर सोमवारी मी बोलते आणि मंगली टोपली घेऊन पाठमोरी बसते.

सायकलीचं सांगितलं. मॅडमनी विचारलं, हवा भरणाऱ्याला बोलायचंय का. तुझ्या वतीने मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

परवा हजेरी पूर्ण घेतली. मध्ये आवाज फाटला, पोरं थांबली, मग पुढे गेले. अर्ज फाडला.

एक मात्र मनाला टोचतं. मोहफुलं केव्हाच संपली. झाडाला पालवी आलीय, सगळ्या गावाला ती दिसते. तरी मंगली सोमवारी रिकामी टोपली घेऊन येते आणि रांग चिंचेखालीच बसते. या खोट्यात मी सामील आहे का, हे मॅडमना विचारणार होते. विचारलं नाही.

सायकलीला हवा भरत राहा, आणि माझ्यावरचा लोभही असाच राहू दे.
ज्योत्स्ना