एका पातेल्याला सहा पोरं

आई, आज तुझी दुधाची गोष्ट मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये सांगितली. तुला जाऊन वीस वर्षं झाली. तेव्हापासून तुझी गणितं मी सर्रास माझी म्हणून वापरत आले, आज निदान एकदा तुझं श्रेय तुला दिलं. काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर तू "मुद्द्यावर ये" म्हणशील. शत्रूनं क्षेपणास्त्र सोडलं, तर ते वर चढत असतानाच, पहिल्या काही मिनिटांत, अवकाशातून पाडता येईल का? उपग्रहांवर छोटी अस्त्रं बसवायची आणि ते पृथ्वीभोवती फिरत ठेवायचे. कल्पना ऐकायला झकास आहे. चढताना क्षेपणास्त्राचा जाळ लख्ख दिसतो, वेगही अजून वाढायचा असतो. एकदा ते वर गेलं की हाती लागणं अवघड. हे जमण्यासारखं आहे का, एवढंच आमच्या छोट्याशा कंपनीला तपासून द्यायचं होतं. चार महिने त्यासाठी नेमलेल्या गटाची प्रमुख मी होते आणि त्या प्रमुखपणाचा मला भारी अभिमान होता, हेही सांगून टाकते.

आता बिबवेवाडीचं आपलं बैठं घर आठव. मी नऊ वर्षांची आहे. तू शाळेतून आली आहेस, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा कोपऱ्यात टेकवला आहेस आणि शेगडीवर दूध ठेवून मला म्हणतेस, "लक्ष ठेव, मी गच्चीवरचे कपडे काढून आणते." दादा आणि मी पकडापकडी खेळतोय. पुढच्या दारानं आत, बाहेरची खोली, स्वयंपाकघर, मागच्या दारानं बाहेर, बोळातून पुन्हा पुढे. प्रत्येक फेरीत शेगडी लागतेच, म्हणजे माझं लक्ष आहेच, असा माझा हिशेब. तू खाली येतेस तेव्हा दूध ओट्यावरून फरशीवर आलेलं असतं. "मी तेव्हा बोळात होते गं," मी म्हणते. तू ओरडत नाहीस. ओटा पुसतेस, हातातलं घड्याळ काढतेस आणि आम्हाला आणखी एक फेरी मारायला लावतेस. मग फरशीवरच खडूनं शिकवणी सुरू.

"अख्ख्या फेरीला एक मिनिट. त्यातले स्वयंपाकघरात दहा सेकंद. मग शेगडीपाशी सतत कुणीतरी असायला किती पोरं पळायला हवीत?"

"सहा," दादा म्हणतो.

"आणि दोन पातेली एकदम वर आली तर? एका पोराला एकच पातेलं उतरवता येतं."

"बारा."

"आणि एकच शहाणं पोर शेगडीपाशी उभं राहिलं असतं तर?"

उरलेलं दूध तू आम्हाला अर्धा अर्धा कप दिलंस आणि बाबांना त्या संध्याकाळी कोरा चहा मिळाला. त्यांनी कारण विचारलं तर म्हणालीस, "पोरांनी गणित केलंय."

आई, उपग्रहाला उभं राहता येत नाही, सगळी गोम तिथेच आहे. जमिनीच्या जवळून फिरणारा उपग्रह शत्रूच्या डोक्यावर येतो आणि काही मिनिटांत पुढे निघून जातो. एका जागी थांबल्यासारखे दिसणारे उपग्रह असतात, पण ते इतके उंच की कात्रजच्या घाटात उभं राहून आपल्या शेगडीवर लक्ष ठेवण्यासारखं; दूध वर येताना दिसेल, पण धावत येईपर्यंत ते फरशीवर. म्हणजे खालूनच पळणारी पोरं हवीत, तीही शेकड्यांनी, एका पातेल्यासाठी. हे उत्तर मला तीन आठवड्यांपूर्वी मिळालं होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. नकार दिला की काम संपणार, गट मोडणार आणि माझं प्रमुखपण जाणार, हे मला दिसत होतं. आमचे साहेब तर रोज सांगत होते, "मॅडम, नाही म्हणू नका. 'काही अटींवर फीजिबल' असं लिहा, बाकी ते बघून घेतील." मीही तसंच लिहून ठेवलं होतं.

आज समोर, काम देणाऱ्यांच्या वतीनं, लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. माझं बोलून झालं तेव्हा त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "अहो, हे अटी वगैरे राहू द्या. जमेल की नाही?" आणि माझ्या तोंडून एकदम तुझं दूधच उतू गेलं. फेरी, दहा सेकंद, सहा पोरं, सगळं सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. म्हणाले, "आणि त्यानं एकाच अंगणात दहा पातेली चढवली तर?" मी म्हटलं, "दसपट पोरं, सर. त्याला मात्र फक्त नऊ पातेली जास्त लागतील." ते इतके हसले की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. मग त्यांनी फाईल मिटली आणि चहा मागवला. आमचे साहेब जाता जाता मला म्हणाले, "तुमच्या आईंनाच आधी विचारायला हवं होतं. चार महिने वाचले असते." सोमवारपासून मी पुन्हा पावसाच्या उपग्रहांवर. खरं सांगू, घरी येताना मी रिक्षात चक्क गुणगुणत होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. गोष्ट सांगताना मी आजही "मी बोळात होते" असंच म्हणाले. मी बोळात नव्हते, आई. मी शेगडीसमोरच होते. साय फुगून पातेल्याच्या काठाला आलेली मी पाहिली होती, आणि थांबले तर दादा पकडेल म्हणून तशीच पुढे पळाले.