सुमित्राचे लाल शून्य

१२ मार्च १९८३, शनिवार

चिडले आहे, आणि तेही स्वतःवरच. शाळेत तीस वर्षे ठणकावून शिकवले की सागरी प्रवाह म्हणजे भिंत. गरम पाणी अलीकडे, थंड पलीकडे. आज मासिकात वाचते तर काय, भोवरे पोटात ऊब घेऊन खुशाल प्रवाहापलीकडे जातात! डोंगेवाल्याच्या सुमित्राने शाळेत असताना उत्तरपत्रिकेत हेच लिहिले होते, वैनगंगेत पोहताना थंड धारेत शिरलेल्या कोमट भोवऱ्यांमुळे अंगाला जाणवलेले. मी लाल शाईने शून्य दिले. कशाच्या जोरावर?

संध्याकाळी मासळीबाजारात तिला गाठले. म्हटले, "तुझं उत्तर बरोबर होतं."

खवले काढता काढता ती हसली. "मले तं तवाच मालूम होतं, बाई. तुमालेच समजाले येवढे वरसं काहून लागले जी?"

 ते लाल शून्य आता माझ्या नावावर लावून घरी आले.