होळीला गप्प बसणारा भोंगा

नंदुरबार
२४ मार्च २०२५

चि. हेमराज,

ताईचे भरभरून आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. आईने ज्वारीच्या बिबड्या घालून वाळवल्या, तुझ्या वाट्याच्या वेगळ्या बांधून ठेवल्या, आणि आबा रोज त्यातलीच एक भाजून मागतात. मदनलालशेठच्या पथारीच्या मैदानावर मिरची यंदा छान वाळली. कॉलेजात शिकवून येताना मी तिथे डोकावते. शेठ खूश आहेत, म्हणजे हल्ली थोडं कमी ओरडतात.

परवा तू फोनवर विचारलंस, "ताई, आमच्या कंपनीचा डबा पाऊस येण्याआधी भोंगा वाजवतो, पण होळीच्या आठवड्यात गप्प का बसतो?" मी म्हटलं, पत्र लिहिते. तू हसलास. फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता, आणि शेजारी आई बसली होती.

तर उत्तर असं. होळीला आपल्या पथारीवरचे सगळे मजूर सातपुड्यात काठी गावाला जातात. रिकाम्या पथारीवर भोंगा कोकलत राहिला की शेजारची वस्ती आपला उद्धार करते. म्हणून आमचा डबा बनवताना मुकादम दलसिंगने सुचवलं, त्या आठवड्यात भोंगा बंद आणि थेट शेठच्या फोनवर रिंग. तो स्वतः काठीचा, त्यामुळे त्यालाच हे सुचणार. मुकादमी सांभाळून तो माझ्याकडे प्रोग्रॅमिंग शिकला, आणि तो भाग त्यानेच लिहिला. तुमच्या डब्यात फोनची सोय काढून टाकलेली दिसते. म्हणजे भोंगाही नाही, रिंगही नाही. तुमचे डबे घेतलेल्या कर्नाटकातल्या माणसांची मिरची होळीत भिजली ती अशी. आधी त्यांचे डबे दुरुस्त करा, बाकीचं मागून.

हे तुम्हाला सापडलं कसं नाही, याचं मला नवल वाटलं. प्रोग्रॅमच्या त्या ओळींच्या वर दलसिंगने टीप लिहिली होती, अगदी काठीच्या होळीसकट. मग लक्षात आलं. टिपेखाली त्याचं नाव होतं. नाव पुसणाऱ्याने टीपही पुसली.

हेमू, आम्ही तो प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला ठेवला तेव्हा परवान्यात काय लिहिलं, ते तुला पाठ आहे. तूच तर तो परवाना निवडून दिलास! वापरा, बदला, खुशाल विका. फक्त आमची नावं राहू द्या, आणि तुम्ही केलेले बदल घेणाऱ्यालाही उघडे करून द्या. एवढंच. मला त्यातलं काही नको. आपल्या पथारीवरची अक्कल इतक्या लांब गेली म्हणून मी दोन दिवस हवेत होते, खरंच.

पण तू दिवाळीत म्हणाला होतास, "ताई, हे सगळं मी स्वतः लिहिलंय." आबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. "मन्हा पोऱ्यानी मशीन बनाडं!" मी पण दोन पेढे खाल्ले. तेव्हा मला शंका नव्हती. आता वाईट वाटतंय, आणि ते लपवणार नाही. कंपनीने सांगितलं असेल, घाई असेल, साहेब मागे लागला असेल. तरी हात तुझाच होता.

तुझ्या कंपनीला मी अजून काही कळवलेलं नाही. ते तू कळवावंस. नावं परत लाव, बदल खुले कर, साहेबाला कारण सांग. रागावला तर रागावू दे. नोकरीला धक्का लागलाच तर घर आहे, आणि मी आहे. आबांनाही तूच सांग. ते दोन दिवस बोलणार नाहीत, तिसऱ्या दिवशी तुझ्यासाठी भरताची वांगी आणतील. मी त्यांना ओळखते.

दलसिंगला मात्र मी काल सांगितलं, की आपला प्रोग्रॅम कर्नाटकात चालतोय, आणि होळीला गप्पही बसतो. तो पोट धरून हसला. "तठे बी काठीनी होळी चाली ऱ्हायनी का ताई?" मग हात पुसत म्हणाला, "मन्हं नाव शे ना तठे?"

त्याचं नाव तिथे नाही हे सांगवेना, म्हणून मी शेठने हाक मारल्याचं निमित्त करून उठले. आज तो पुन्हा विचारणार आहे. उठता उठता मी त्याला सांगितलंय, हेमराज स्वतः फोन करेल.

तुझ्यावर अजूनही भरवसा ठेवून त्याला शब्द देऊन बसलेली,
तुझी रोहिणीताई